शिवाजी विद्यापीठातील अभियांत्रिकी शिक्षण

शिवाजी विद्यापीठातील अभियांत्रिकी शिक्षण : कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात अभियांत्रिकीच्या पदवीचे अध्यापन २००६ मध्ये तंत्रज्ञान अधिविभाग स्थापन झाल्यावर सुरू झाले. विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्या देणाऱ्या या विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारात त्या विषयाची वास्तू नसणे, ही स्थिती चव्वेचाळीस वर्षे टिकली. यंत्रनिर्मितीसाठी नावाजलेल्या शहरात असे व्हावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्याची कारणे कोल्हापूरच्या औद्योगिक घडणीत जशी आहेत, तशीच ती विद्यापीठाच्या रचनेतही आहेत.

कोल्हापुरात कारखाना आधी आला आणि वर्ग फार मागाहून. पंचगंगेच्या खोऱ्यातील उसाला नदीचे पाणी उपसून द्यावे लागे. त्यासाठी तेलावर चालणारी एंजिने व पंप आले आणि त्यांच्या दुरुस्तीची दुकाने शहरात निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा हे भाग येथील कारागीर स्वतः ओतून व कातून देऊ लागले. दुरुस्तीतून सुटे भाग, सुट्या भागांतून पूर्ण एंजिन आणि त्याच्या पाठोपाठ बिडाच्या ओतकामाच्या ओतशाळा, असा हा क्रम आहे. शिवाजी उद्यमनगराची वाढ याच क्रमाने झाली. पाहून व हाताळून यंत्र उभे करण्याची ही वृत्ती उद्योगापुरतीच नव्हती. बाबूराव पेंटर यांनी बंधू आनंदराव यांच्यासह चलच्चित्रणाचा कॅमेरा येथेच बनविण्याचे काम हाती घेतले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये ते तडीस नेले. अभियांत्रिकीचे शालेय शिक्षण यांपैकी कोणासही नव्हते. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करणे हेच येथील शिक्षण होते आणि पुष्कळ काळ ते पुरेसेही पडले.

पदवीधर अभियंत्याची गोष्ट वेगळी होती. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कापडगिरणी व भोगावती नदीवरील राधानगरीचे धरण अशी कामे हाती घेतली गेली. परंतु या दर्जाच्या कामांचे शास्त्रीय शिक्षण घेण्यास विद्यार्थ्याला संस्थानाबाहेर, प्रामुख्याने पुण्यास, जावे लागे. पुण्यातील वर्ग १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी निघाला होता आणि त्याच्या मुख्य इमारतीचा पाया १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनी घातला. कोल्हापुरात १८८० मध्ये राजाराम महाविद्यालय निघाले, पण त्याचा भर साहित्य, इतिहास, गणित अशा विषयांवर होता. येथील जुन्या हायस्कुलाची दगडी इमारत चार्ल्स मँट (१८३९–८१) या लष्करी अभियंत्याने अभिकल्पित केली. शहराची ही विद्यावास्तू अभियंत्याच्या हातची असली, तरी अभियांत्रिकी तीत शिकविली गेली नाही.

दक्षिण महाराष्ट्रात या शिक्षणाचा आरंभ सांगलीत झाला. तेथे १९४७ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीचे महाविद्यालय निघाले. १९५५ मध्ये त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले व यांत्रिक आणि विद्युत् अभियांत्रिकीच्या शाखा जोडल्या गेल्या. कराड येथे १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. शिवाजी विद्यापीठ निघाले तेव्हा ही दोन्ही महाविद्यालये त्याच्या क्षेत्रात आली. अभियांत्रिकीची विद्याशाखा विद्यापीठाला अशी तयार मिळाली, मात्र कोल्हापूरपासून सु. ५० ते ७५ किमी. अंतरावर.

विद्यापीठाचे उद्‍घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्ते झाले, तेव्हा चीनबरोबरचे युद्ध चालू होते. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या वाट्याला शहराबाहेरील सागरमाळाची सु. ८५३ एकर उजाड जमीन आली. वर मुरुमाचा पातळ थर आणि खाली काळा पाषाण, अशा या माळावर पाया भक्कम मिळतो. पाणी मात्र मिळत नाही. पवारांच्या काळात प्रशासन, ग्रंथालय व पदव्युत्तर अधिविभाग यांना अग्रक्रम देण्यात आला. पदवीपूर्व शिक्षण संलग्न महाविद्यालयांनी द्यावे आणि विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन व संशोधन पाहावे, ही त्या काळची सर्वमान्य विभागणी होती. हा क्रम त्यावेळी योग्यच होता. त्याची किंमत मात्र शहरातील होतकरू मुलांना परगावी राहून मोजावी लागली.

खर्चाचाही प्रश्न होता. भाषा किंवा गणित यांचा अधिविभाग चार खोल्यांत सुरू करता येतो. अभियांत्रिकीची इमारत हे स्वतःच एक यंत्र असते. पोलाद व काँक्रीट यांचे नमुने ताणून अथवा दाबून तोडणारी परीक्षणयंत्रे आणि कातयंत्रे यांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र पाये लागतात. नाहीतर त्यांचे कंपन भिंतींना बाधते. द्रवगतिकीच्या प्रयोगशाळेला पाणी फिरते ठेवणारी टाकी व लांब कालवा लागतो. कार्यशाळेला खांबांचा अडथळा नसलेला रुंद गाळा आणि सावली न पाडणारा उत्तरेचा उजेड हवा. शिवाय हे सर्व पहिली तुकडी येण्यापूर्वी उभे असावे लागते. पाण्याची टंचाई असलेल्या माळावर नव्या विद्यापीठाने हा भार न उचलणे स्वाभाविक होते.

शहराची निकड अखेर दुसऱ्या मार्गाने भागली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहतीनजीक कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. १९८४ मध्ये कसबा बावडा येथे डी. वाय्. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. ओतशाळेत काम करणाऱ्याच्या मुलाला घरी राहून अभियंता होणे आता शक्य झाले; परंतु विनाअनुदान शिक्षणाचे शुल्क त्याला परवडेलच, असे नव्हते.

तंत्रज्ञान अधिविभागाची इमारत या पार्श्वभूमीवर उभी राहिली. तीत रासायनिक, अन्नतंत्रज्ञान, संगणक, स्थापत्य, यांत्रिक इ. शाखांचे अभ्यासक्रम चालविले जातात. ती उभी राहीपर्यंत विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेचे स्वरूप पालटू लागले होते. वालचंद महाविद्यालय २००७ मध्ये स्वायत्त झाले. २०१४ च्या अधिनियमाने लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आणि शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील काही अभियांत्रिकी महाविद्यालये त्या विद्यापीठाकडे गेली.