डिस्क ब्रेकमधली हवा

होस्टेलच्या पार्किंगमध्ये सिनियरकडून ज्युनियरकडे आलेल्या गाड्या पुष्कळ. २००१ मध्ये आलेल्या पल्सर १८० सारख्या जुन्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. अशा गाडीचा पुढचा ब्रेक 'स्पंजी' झाला, की आपण लिव्हर दोन-तीनदा पंप करतो आणि म्हणतो, "लागतोय ना!" पण घाट उतरताना तेवढा वेळ मिळत नाही.

पास्कलचा नियम सगळ्यांना पाठ आहे. लिव्हरजवळचा पिस्टन १२ मिमी आणि कॅलिपरचा ३० मिमी धरला, तर जोर सव्वासहा पट होतो. मात्र पाइपात फक्त द्रव हवा. हवेचा बुडबुडा असेल तर आपली ताकद तो दाबण्यातच जाते.

शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. उतारावर डिस्क तापली की पाइपातच वाफ! म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

एअर काढायची पद्धत सोपी, मित्र मात्र एक हवा:

१. गाडी मेन स्टँडवर, हँडल असं की ऑइलची डबी सपाट राहील. टाकीवर ओलं फडकं टाका, हे ऑइल रंग खातं.
२. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा.
३. मित्राने लिव्हर तीन-चारदा दाबून धरून ठेवायचा. तुम्ही निपल पाव फेरा उघडा. लिव्हर खाली जाईल, बुडबुडे येतील.
४. आधी निपल बंद, मगच लिव्हर सोडायचा. उलटं केलंत तर हवा परत आत!
५. डबीतलं ऑइल 'लोअर' खुणेखाली जाऊ देऊ नका. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा.

डबीवर लिहिलेलंच ऑइल, तेही सीलबंद डब्यातलं वापरा. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगतात. काढलेलं ऑइल परत भरू नका.

एवढं करूनही बिघाड राहिला तर? लिव्हर कडक लागून हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचा सील गेलाय. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तेलकट किंवा गुळगुळीत झालेत. चाक जाम फिरतंय, तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय. ऑइलची पातळी उतरली, तर भरण्याआधी पॅड बघा; ते झिजले की पातळी आपोआप उतरते. सील आणि पिस्टनचं काम मेकॅनिककडेच द्या. एबीएसवाल्या गाडीचंही तेच.

शेवटी निपल घट्ट आहे ना, कुठे ओल नाही ना, ते तपासा. पहिली ट्रायल पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगाने. पहिल्याच दाबाला लिव्हर कडक लागला, तरच गेटबाहेर पडायचं.