दोन चाली मागे

सोमवार, 28 जुलै 2025. श्रावणातला पहिला सोमवार. परभणीच्या नानलपेठेत, एका जुन्या घराच्या माडीवर बुद्धिबळाचा वर्ग भरतो ती खोली. आज वर्गाला सुट्टी, आणि म्हणूनच पोरं एरवीच्या दुप्पट. दाराबाहेर चपलांचा ढीग, कोपऱ्यात ठिबकणाऱ्या छत्र्या. भिंतीवरच्या टीव्हीत जॉर्जियातलं बातुमी. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे.

महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. एकीकडे आंध्रची कोनेरू हम्पी, दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. शनिवारी बरोबरी, रविवारी बरोबरी, आणि आज टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीतच सुटलाय. आता दुसरा. पांढरी मोहरी हम्पीकडे, काळी दिव्याकडे. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, शिवाय चालीमागे दहा सेकंद.

सर मात्र टीव्हीकडे पाठ करून बसलेत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खिडकीशी सतरंजीवर त्यांचा लाकडी पट मांडलेला. काळ्याचं एक प्यादं कधीतरी हरवलं, तिथं सुपारी ठेवलेली. पोरांनी चाल ओरडून सांगायची आणि सरांनी मोहरं सरकवायचं, असा रिवाज. पण सर लगेच सरकवत नाहीत. मोहऱ्यावर बोट ठेवतात, "कामून?" असं स्वतःलाच विचारतात, आणि उत्तर सापडलं की मगच उचलतात. त्यामुळे त्यांचा पट बातुमीच्या कायम दोन चाली मागे.

"सर, ती चाल कवाच झाली!"

"होऊ दे. मला मागचीच अजून कळली नाही."

पोरांचं लक्ष टीव्हीतल्या पटाच्या कडेला असलेल्या उभ्या पट्टीवर. पांढरा रंग वाढला की हम्पी वरचढ, काळा वाढला की दिव्या. संगणकाचा कौल. पट्टी बोटभर हलली तरी खोलीत हुंकार उठतो. चाल काय झाली ते नंतर बघतात.

"जिंकली तर थेट ग्रँडमास्टर होती बरं का," एक दहावीतला पोरगा मला समजावतो. एरवी त्यासाठी तीन नॉर्म लागतात, 2500 रेटिंग लागतं. दिव्या एकही नॉर्म न घेता बातुमीला गेली. मानांकन पंधरावं, वय एकोणीस. चीनची झू जिनेर, आपली हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी, एकेकीला बाजूला करत इथवर आलीय. चषक जिंकणारीला किताब आपोआप मिळतो. भारताची 88वी ग्रँडमास्टर.

सगळी खोली दिव्याच्या बाजूनं, एक काकू सोडून. मुलीला न्यायला आल्या आणि दाराशीच बसल्या. उपवास आहे, खाली साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवलीय, तरी उठवत नाही.

"लेकरू झाल्यावर परत येऊन जगज्जेती झालेली बाई हाय ती. तिच्या बाजूनं कुणी नको का?"

काकूंचा हिशोब पक्का आहे. हम्पी पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली ते साल 2002. दिव्या तेव्हा जन्मलीही नव्हती. 2017 मध्ये हम्पीला मुलगी झाली, खेळ थांबला. 2019 मध्ये ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली, 2024 मध्ये पुन्हा.

"ह्याही डावात बरोबरी झाली तर?" कुणीतरी विचारतं.

"मग दहा-दहा मिनिटांचे दोन."

"बनी तो बनी, नहीं तो परभणी!" मागून आवाज येतो आणि खोली हसते. सर हसत नाहीत. त्यांचं बोट घोड्यावर आहे.

तेवढ्यात लाईट जाते.

टीव्ही काळा. पंखा गरगरत थांबतो. एकच कल्लोळ, मग दहा-बारा फोन उजळतात. प्रत्येकाचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे एकच चाल तीनदा ऐकू येते. आधी जिन्यातल्या पोराकडून, मग खोलीच्या मधून, शेवटी काकूंच्या फोनवरून. सरांना कुणी काही सांगेनासं झालंय. त्यांचा पट होता तिथंच थांबलाय. बाहेर पागोळ्यांचा आवाज.

मोहरी विरळ होत चालली. घड्याळं तळाला लागली. आता दोघी त्या दहा सेकंदांवरच जगताहेत. पट्टी काळी होते, पोरं सरसावून बसतात. आणि पट्टी परत मधोमध.

"चुकली! जिंकत होती राव!" दहावीतला पोरगा कपाळावर हात मारतो. "एवढी सोपी चाल कामून नाही दिसली तिला?"

"तिच्याकडं किती सेकंद होते?" सर अंधारातून विचारतात.

पोरगा गप्प.

"पट्टीला घड्याळ नसतं रे. तिला काय जातंय सांगायला."

1995 मध्ये आनंद न्यूयॉर्कला कास्पारोव्हशी खेळत होता. तेव्हा सर पेपरात छापून आलेल्या चाली कापून वहीत चिकटवायचे. निकाल आधीच कळलेला असायचा. तरी पहिल्या चालीपासून मांडून बसायचे, रात्र जायची. ती वही अजून ह्याच खोलीच्या कपाटात आहे.

जिन्यातून आरोळी येते. शब्द कळत नाहीत, पण कळायची गरज उरत नाही. मग मधले फोन, मग काकूंचा. हम्पीनं हात पुढे केलाय. अडीच–दीड. पोरं उड्या मारताहेत, माडीची जुनी जमीन दणाणतेय. खालून आजीचा घाबरा आवाज, "काय झालं रे? कोण पडलं?"

फोनच्या पडद्यावर दिव्या डोळे पुसतेय. आईला मिठी मारून रडतेय. पोरं ओरडायची थांबतात.

"हरली तरी हात मिळवून उठली बगा," काकू म्हणतात. कुणाविषयी, ते सांगावं लागत नाही.

लाईट येते. पंखा फिरतो, टीव्ही अजून नेट शोधतोय. पोरं चपला हुडकत जिना उतरू लागतात. एक जण सवयीनं सरांचा पट आवरायला वाकतो. सर पटावर आडवा हात धरतात.

"थांब की. आपला डाव कुठं संपलाय?"

पट लाईट गेली तिथंच आहे. दोन्हीकडची फौज अजून उभी, ती सुपारीसुद्धा. काकूंची मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसते. आईच्या फोनवर डाव मागे नेत नेत ती सरांच्या पटाशी येऊन थांबते.

"खिचडी गार होतीय," खालून हाक.

"आले!" म्हणते, पण उठत नाही. पुढची चाल मोठ्यानं वाचते, हत्ती उचलायला हात घालते. सर तिच्याकडे बघतात, बोलत काहीच नाहीत. तिचं बोट हत्तीवर टेकतं आणि तिथंच थांबतं.