हाय-फाय ध्वनिसंच

हाय-फाय ध्वनिसंच म्हणजे ध्वनिमुद्रण शक्य तितके मूळाबरहुकूम ऐकवणारी घरगुती यंत्रणा. ती सुट्या घटकांची असते. अलीकडे तिच्याऐवजी एका पेटीतला बिनतारी स्पीकरही वापरला जातो.

रचना

सुट्या संचात रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी प्लेअरसारखा ध्वनिस्रोत, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर तारांनी जोडलेले असतात. बिनतारी स्पीकरमध्ये अँप्लिफायर व ध्वनिशंकू एकत्र असून ध्वनी ब्लूटूथ किंवा वाय-फायद्वारे येतो.

ध्वनीतील फरक

स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये अर्ज केला. दोन स्पीकर आणि श्रोता समभुज त्रिकोणाच्या कोनबिंदूंवर असल्यास गायक मध्यभागी व वाद्ये दोन्ही बाजूंना असल्याचा भास होतो. एकाच पेटीत ध्वनिशंकू जवळजवळ असल्याने हा भास क्षीण होतो. तसेच सीडीवरील ध्वनीचा दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथच्या मूलभूत एसबीसी पद्धतीत तो साधारणतः ३२८ किलोबिटपर्यंत उतरतो. वाय-फायवर असे संकोचन अनिवार्य नसते.

निवड

लहान खोली, मर्यादित खर्च किंवा काम करताना ऐकणे यांसाठी बिनतारी स्पीकर सोयीचा ठरतो. त्याची बॅटरी निकामी झाली किंवा सॉफ्टवेअर कालबाह्य झाले, तर मात्र अनेकदा संपूर्ण उपकरणच बदलावे लागते. सुट्या संचात बिघडलेला घटक तेवढा बदलता येतो आणि चांगले स्पीकर अनेक दशके टिकतात. एकाग्रतेने संगीत ऐकणाऱ्यांना म्हणून सुटा संच अधिक उपयुक्त असतो. एकमेकांशी जोडता येणारे दोन बिनतारी स्पीकर हा मधला पर्याय होय.