प्लॅन नंतर, आधी प्लॉट!

घर छोटं असलं की चुकीला जागाच उरत नाही. म्हणूनच कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी प्लॉटवर चार चकरा मारायला हव्यात.

मामांनी पुण्याच्या कडेला एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. भोंगवलीतल्या आमच्या घराचं नुसतं अंगण तेवढं असेल. आठवड्याभरात मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'थ्रीडी प्लॅन' आला. काचेची बाल्कनी, दिव्यांची माळ, एकदम भारी! फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या तरी प्लॉटसाठी काढलेला होता. मी आर्किटेक्चरला, म्हणून मामांनी विचारलं, "काय रे, कसंय?"

मी बोलायच्या आत आजीच म्हणाली, "आरं, झड कुनीकडनं येती, बघितलंस का?"

गावात हे कुणाला विचारावं लागत नाही. पाणी कुठे तुंबतं, ओढा कुठवर चढतो, कुठली भिंत ओल धरते, हे जुन्या माणसांना पाठ असतं. शहरात प्लॉट नवा आणि शेजारीही नवा. तिथे ही माहिती आपणच काढायची. कॉलेजात याला 'साइट अ‍ॅनालिसिस' म्हणतात.

आधी कागद बघितले. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए, मंजूर लेआउट. विकास आराखड्यातला रस्ता आपल्या जागेवरून जातोय का? मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे चहूबाजूंनी किती जागा सोडायची? ती वजा केली, की ३३ फुटांतले आपल्या हातात किती उरतात ते कळतं. आमचे तर चेहरेच उतरले.

मग एप्रिल ते जुलै चार चकरा. सकाळी, दुपारी, रात्री आणि एकदा भर पावसात. सोबत टेप, होकायंत्र, वही.

सकाळी शेजारच्या चार मजली इमारतीची सावली पूर्वेकडून निम्म्या प्लॉटवर. दुपारी तीननंतर पश्चिम बाजू तव्यासारखी तापलेली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवाल्या प्लॅनमध्ये बेडरूम नेमकी तिथेच! उन्हाचं गणित वाटतं तेवढं सरळ नसतं. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलै संपेपर्यंत मध्यान्हाला तो थोडा उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेचं तिरपं ऊन घरात आत येतं आणि ते हवंहवंसं वाटतं.

रात्री कळलं की कोपऱ्यावर ट्रक वळतात. पावसात आजीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: झड नैऋत्येकडून. आणि न विचारलेल्या प्रश्नाचंही. रस्ता प्लॉटपेक्षा उंच होता, त्यामुळे रस्त्याचं सगळं पाणी आमच्याकडे. शिवाय चाचणीच्या खड्ड्यात वर काळी माती निघाली. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या भिंतींना तडे जातात. पाया खाली मुरमापर्यंत न्यावाच लागणार.

पाण्याची वाट विसरली की काय होतं, ते पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री बघितलं. आंबिल ओढ्याला पूर आला, घरांत पाणी शिरलं, माणसं गेली.

उलट उदाहरण नवी मुंबईत आहे. बेलापूरचं 'आर्टिस्ट व्हिलेज' चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलं. तिथले प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सगळ्यात लहान प्लॉट अर्ध्या गुंठ्यापेक्षाही कमी. पण सात-सात घरं एका चौकाभोवती बसवली. घरांच्या भिंती एकमेकांना जोडल्या नाहीत, म्हणजे पुढे ज्याला जमेल तसं घर वाढवता येईल. मधून वाहणाऱ्या ओढ्याकडे पावसाचं पाणी नेण्याचं काम तसंच ठेवलं. घर लहान असलं तरी बाहेरचा चौक मिळून ते मोठं होतं.

आमचा प्लॅनही बदलला. पश्चिमेला जिना आणि बाथरूम, म्हणजे ऊन त्यांनी झेलायचं. बेडरूम मागे, ट्रकच्या आवाजापासून लांब. जोतं रस्त्यापेक्षा वर. नैऋत्येला खोल छज्जा. काचेची बाल्कनी गेली, तिच्या जागी छोटी पडवी आली. मामा थोडे हिरमुसले. पण नोकरीभर साठवलेला पैसा आणि वर कर्ज, हे घर त्यांना दुसऱ्यांदा बांधता येणार नाही. कागदावरची भिंत खोडरबराने हलते, विटांची हलवायला पैसे मोजावे लागतात.

तुम्ही आर्किटेक्चरला नसलात तरी या रविवारी एक करून बघा. आपल्या खोलीत ऊन किती वाजता येतं, वारा कुठून शिरतो, ओल कुठल्या भिंतीला येते, एवढं वहीत मांडा. घरात कधी बांधकामाचा विषय निघाला, तर ते पान घेऊन बसा.