कंपवात आणि स्टेम सेल: आशा कुठे, पुरावा कुठे?

पार्किन्सन्स म्हणजे आपल्याकडचा कंपवात. त्यावर स्टेम सेलचा उपचार 'आला' का, हे आज आपण पाहू.

मेंदूच्या आत 'सबस्टॅन्शिया नायग्रा' हा काळसर भाग असतो. तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठरतं. लेव्होडोपाच्या गोळीने डोपामिनची कमतरता भरून निघते, पण पेशींचं मरणं थांबत नाही. मग नव्या पेशीच बसवल्या तर?

हा प्रयत्न जुना आहे. १९८७ साली स्वीडनमधल्या लुंडला गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवायला सुरुवात झाली. पुढे अमेरिकेत ४० रुग्णांवर चाचणी झाली. २० जणांना पेशी दिल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला फक्त छिद्र पाडलं. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. २००१ साली निकाल आला: वर्षभरानंतर रुग्णांच्या स्वतःच्या मते दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. उलट पेशी मिळालेल्या काहींना औषध कमी करूनही अनावर हालचाली सुरू झाल्या. आणखी एक गोष्ट दिसली. आपल्याला पेशी मिळाल्यात असं ज्यांना वाटत होतं, त्यांना बरंही जास्त वाटत होतं! म्हणूनच 'आमच्या काकांना फरक पडला' हा पुरावा होत नाही.

आता गर्भाच्या पेशींची गरज उरलेली नाही. यामानाकांनी दाखवलेल्या पद्धतीने प्रौढ माणसाच्या पेशींना मूळ अवस्थेत नेऊन, त्यांच्यापासून डोपामिन बनवणाऱ्या पेशींची पूर्वरूपं तयार करता येतात. क्योटोमध्ये अशा पेशी सात रुग्णांना दिल्या. २०२५ साली अहवाल आला: दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाहीत, आणि तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली सुधारल्या. आशादायक आहे, पण तुलनेचा गट नव्हता.

मग आपल्याकडच्या जाहिरातींचं काय? तिथे बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी टोचतात. त्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींची जागा घेतात, याला पुरावा नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताशी संबंधित आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरायच्या.

म्हणून दोनच प्रश्न विचारायचे: चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? आणि प्रयोगच असेल, तर आमच्याकडून पैसे कशाला? उत्तर टाळलं, तर उठून यायचं. तोवर गोळ्या वेळेवर आणि व्यायाम रोज, यात खंड नको.