सुपर की साधं?

लेखांक ७

मागच्या आठवड्यात जाक दमीचा 'लोला' (१९६१) पाहिला. त्यात प्रेमात हरलेला रोलाँ कासार आजच्या चित्रपटात पुन्हा भेटतो, जवाहिऱ्या होऊन. चित्रपट अर्थात 'शेरबूरच्या छत्र्या', १९६४ सालचा. त्या वर्षी कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक त्यालाच मिळालं.

गोष्ट दोन ओळींची. शेरबूर बंदरातल्या छत्र्यांच्या दुकानातली जनविएव्ह (कॅथरिन दनव) आणि गॅरेजमधला मेकॅनिक गी (नीनो कास्तेलनुओव्हो) यांचं प्रेम. १९५७ मध्ये गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियाच्या युद्धावर जावं लागतं. ती गरोदर असते, पत्रं तुरळक येतात आणि ती रोलाँशी लग्न करते. जखमी पायाने परतलेला गी पुढे मादलेनशी संसार मांडतो.

मग शेवटी एवढं रडू का येतं? दोघांपैकी कुणी मरत नाही, कुणी देशोधडीला लागत नाही. मला वाटतं, राग काढायला कुणी सापडत नाही, हे त्याचं पहिलं कारण. पोटातल्या मुलासकट तिला स्वीकारणारा रोलाँ सज्जन आहे. गीच्या आजारी आत्याची सेवा करणारी मादलेन तर त्याहून. जनविएव्हलाही दगाबाज म्हणवत नाही. गी आठवायचा म्हटलं की आता त्याचा फोटोच दिसतो, असं ती कबूल करते, तिथेच काळजात चर्र होतं. विसरणं किती साधेपणाने घडतं!

दुसरं आणि मोठं कारण मिशेल लग्राँचं संगीत. या चित्रपटात बोललेला संवाद एकही नाही. गॅरेजमधली कामाची बोलणीसुद्धा गाऊनच होतात. त्यामुळे गाणं आलं म्हणून प्रेक्षक सावरून बसत नाही, त्याला सावध व्हायला वेळच मिळत नाही. स्टेशनवर गाडी सुटते तेव्हाची निरोपाची धून त्याच्या मनात नकळत रुतून बसते.

डिसेंबर १९६३. नाताळची पूर्वसंध्या, बर्फ. गीच्या पेट्रोल पंपावर एक मोटार थांबते. आत जनविएव्ह आणि तिची नि गीची लहानगी मुलगी फ्रान्स्वाज. पंपावरचा पोऱ्या विचारतो, सुपर की साधं? ऑफिसातलं नाताळचं झाड कुणी सजवलं, असं ती विचारते. बायकोने, मुलासाठी, असं तो सांगतो. शब्द मोजकेच, आणि खाली वाद्यवृंद स्टेशनवरची तीच धून उचलतो. ती दोघं जे बोलत नाहीत ते आपल्याला ऐकू येतं.

त्या मुलाचं नाव फ्रान्स्वा. मुलगी झाली तर फ्रान्स्वाज ठेवू, असं या दोघांनी प्रेमाच्या दिवसांत ठरवलं होतं. ते नाव दोघांनीही जपलं. यावर चित्रपटात कुणी चकार शब्द काढत नाही.

मुलीला बघायचंय का, असं ती विचारते. गी नकार देतो. या नकारावरून प्रेक्षक आजही भांडतात. काहींना तो निष्ठुर वाटतो. मला तसं वाटत नाही. तो मोटारीपर्यंत गेला असता, तर बाहेर गेलेली मादलेन आणि फ्रान्स्वा एका मोडक्या घरात परतले असते. मोटार निघून गेल्यावर तो मुलाबरोबर बर्फात खेळतो, ते खेळणं मनापासूनचं आहे.

पुढच्या लेखात दमीचाच 'रोशफोरच्या तरुणी' (१९६७). त्याआधी हा चित्रपट जरूर पाहा, आणि बर्फावरचं शेवटचं दृश्य संपेपर्यंत जागेवरून उठू नका.