तीन छोट्या तबकड्या आणि अख्खं शहर

२००६ सालच्या 'गँगस्टर' सिनेमातलं 'भीगी भीगी' आपल्यापैकी कितीतरी जणांनी गुणगुणलेलं आहे. बांगलादेशच्या जेम्सचा तो फाटलेला, आर्त आवाज विसरणं कठीण. पण त्या गाण्याची चाल मुळात कोलकात्याची, 'पृथिबीटा नाकि' या बंगाली गाण्याची. ते रचलं गौतम चट्टोपाध्याय यांनी. आणि त्यांचा बँड तर १९८१ मध्येच थांबलेला होता! हयातीत फारसा कुणी न ऐकलेला बँड नंतर एका शहराच्या तोंडी कसा बसतो, याची ही विलक्षण गोष्ट आहे.

सत्तरच्या दशकातलं कोलकाता डोळ्यांसमोर आणा. पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत बँड इंग्रजी गाणी वाजवत होते, घराघरांत रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी होती. गौतम चट्टोपाध्याय पार्क स्ट्रीटवर वाजवून आलेले, आणि नक्षलवादी चळवळीपायी तुरुंगवासही भोगलेले. त्यांनी भाऊ आणि मित्र जमवले आणि नाकतला भागातल्या घरी तालमी सुरू झाल्या. बँडला नाव मिळालं 'महीनेर घोडागुली', म्हणजे महीनचे घोडे. हे नाव जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतलं.

बासरी, व्हायोलिन, गिटार, पियानो, ड्रम असं सगळं एकाच मंचावर, आणि सुरांत बंगालच्या बाउल या भटक्या गायकांचं लोकसंगीत आणि जॅझ शेजारी शेजारी. पहिली तबकडी १९७७ मध्ये निघाली, तिचं शीर्षक अस्वस्थ पक्षी आणि कोलकाता यांच्याविषयीचं. पुढच्या वर्षीची तबकडी चक्क अज्ञात उडत्या वस्तूवर! तिसरी १९७९ मध्ये आली. स्टार थिएटरपासून रवींद्र सदनापर्यंत कार्यक्रम झाले, पण बहुतेक श्रोत्यांच्या पचनी हे पडलं नाही.

यातला बाउलांचा धागा जवळून पाहण्यासारखा आहे. बाउलांचं खमक हे वाद्य घ्या. लहानशा ढोलकीसारखं लाकडी खोड, त्याच्या एका तोंडाला चामडं आणि चामड्याच्या मधोमध ओवलेली तार. खोड काखेत दाबायचं, तारेचं दुसरं टोक एका मुठीत धरायचं आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. मूठ ओढली की ताण वाढतो आणि स्वर वर सरकतो; ढील दिली की तो खाली घसरतो. इथे पडदे नाहीत, ठरलेली घरं नाहीत, त्यामुळे स्वर माणसाच्या बोलण्यासारखा लवतो. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण दोन्ही वाद्यांची युक्ती एकच. हा घसरता स्वर इलेक्ट्रिक गिटारच्या खेचलेल्या तारेशी किती सहज जुळतो, हे आज बंगाली फोक-रॉकच्या मंचांवर प्रत्यक्ष ऐकायला मिळतं.

बँड थांबला, पण गाणी मात्र थांबली नाहीत. १९९५ मध्ये 'आबार बछर कुडि परे' हा अल्बम कोलकाता पुस्तक मेळ्यात आला. त्यावर लिहिलं होतं, 'महीनेर घोडागुली संपादित'. गाणी संपादित करायची! नव्या गायकांना आणि नव्या बँडना जमवून, लघुनियतकालिकाच्या अंकासारखा अल्बम काढायचा. १९९८ पर्यंत दर वर्षी असा एक याप्रमाणे चार अंक निघाले. शेवटचा होता 'खॅपार गान'. १९९९ मध्ये गौतमदा गेले, पण तोवर गाणी पुढच्या पिढीच्या हाती पोचली होती.

मला वाटतं, या बँडचं सगळं रहस्य इथेच आहे. आपल्याकडेही बंगाली साहित्याचे मराठी अनुवाद करणारे अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये 'असो' हे अनियतकालिक काढलं. अशी अनियतकालिकं वाचणारे मूठभर होते, तरी मराठी कवितेचा सूर त्यांनीच पालटला. लिटल मॅगझिनचं बळ खपात नसतं. ते वाचून जो पुढे लिहू लागतो, त्याच्यात असतं. महीनच्या गाण्यांचंही तेच झालं. एक गिटार आणि चार गळे असले की ती उभी राहतात, म्हणून कॉलेजांच्या आवारांतून ती पसरत गेली. संस्थापकांपैकी तापस दास, सगळ्यांचे बापीदा, ती मंचावर गात राहिले. २०२३ मध्ये तेही गेले.

कोलकात्यात एखाद्या बंगाली रॉक बँडचा कार्यक्रम पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. मंचाकडे बघाच, पण मान वळवून प्रेक्षकांकडेही बघा. महीनचं गाणं सुरू झालं की त्या तबकड्या निघाल्या तेव्हा जन्मालाही न आलेली मुलं शब्द न चुकता गाताना दिसतील. किती प्रती खपल्या यावरून कलेचं आयुष्य मोजणाऱ्यांना त्या मुलांनी परस्पर उत्तर दिलेलं आहे.